रजेवर गेलेल्याची जागा

महामार्गाच्या एका अंगाला शिरवणे गावठाण, दुसऱ्या अंगाला शिरवणे एमआयडीसी. सिडकोने शेतजमिनी संपादित केल्यावर गावातल्या आगरी-कोळी कुटुंबांच्या हाती जे उरले, त्यावर त्यांनी मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. त्या खोल्यांतून साताऱ्याचा, जालन्याचा, रत्नागिरीचा, बिहारचा कामगार राहतो. सकाळी डबा घेऊन तो कारखान्याच्या फाटकाशी उभा असतो. त्याला कावीळ झाली, घरी बाळंतपण निघाले किंवा गावाहून वडील गेल्याचा फोन आला, तर रजा किती शिल्लक आहे हा त्याच्या मनात येणारा पहिला प्रश्न नसतो. ‘परत आल्यावर घेतील का?’ हा असतो.

या पुस्तकाचा विषय तो प्रश्न आहे. रजेवरची पुस्तके बहुधा आकड्यांनी सुरू होतात आणि आकड्यांनीच संपतात: वर्षाला अमुक दिवस, तमुक टक्के पगार. ते आकडे इथेही आहेत, कारण ते माहीत नसले तर हक्काचे पैसे बुडतात. पण माझे ठाम मत असे की रजेची किंमत तिच्या दिवसांवरून ठरत नाही, परतीवरून ठरते. जिच्यावरून परत येता येत नाही ती रजा नव्हे, तो कामगाराने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला राजीनामा आहे.

महाराष्ट्राला हे फार पूर्वी उमगले होते. १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा. जन्म ठाण्याचा, विचार सत्यशोधकी, हाती ‘दीनबंधू’ हे वर्तमानपत्र. सभेतून निघालेल्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या ठरलेल्या वेळा आणि महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार या मागण्या पुष्कळांना ठाऊक आहेत. रविवारची सुटी १८९० च्या जूनमध्ये पदरात पडली, म्हणून ती विशेष लक्षात राहिली. पाचवी मागणी मात्र क्वचित सांगितली जाते. कामावर जबर दुखापत होऊन कामगार काही काळ निकामी झाला, तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा पांगळा झाला, तर त्याच्या पोटाची सोय व्हावी.

‘बरा होईपर्यंत’ या अटीकडे मी वाचकाचे लक्ष वेधतो. लोखंडे यांनी दिवस मोजले नाहीत. शरीराला लागेल तेवढा वेळ, असे त्यांनी मागितले. दुखापतीच्या भरपाईचा पहिला कायदा त्यानंतर ३९ वर्षांनी, १९२३ मध्ये झाला आणि त्यातही पूर्ण पगाराची तरतूद नव्हती. मागणी जशीच्या तशी आजही मान्य झालेली नाही.

गिरण्यांमध्ये परतीचा प्रश्न आणखी एका वाटेने येत असे. कोकणातला, देशावरचा कामगार पेरणीला, शिमग्याला, लग्नाकार्याला किंवा तापाने अंग मोडले म्हणून गावी जाई. त्याच्या सांच्यावर त्या दिवसांत बदली कामगार उभा राही. माणूस परत येई तेव्हा त्याची जागा त्याला मिळेल की नाही हे कामगारांची भरती करणाऱ्या मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या, हाती असे. जॉबर दस्तुरी घेई, म्हणजे स्वतःचीच जागा परत मिळवायला कामगाराने पैसे मोजायचे. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगाने, म्हणजे व्हिटले आयोगाने, हा व्यवहार नोंदवला आणि सुचवले की गावी जाणाऱ्याला ठरावीक मुदतीची रजा द्यावी आणि मुदत संपताच जुन्या कामावर परतण्याची खात्री द्यावी. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली नियंत्रण योजना आली, बदली कामगारांना कार्डे मिळाली आणि जॉबरच्या मनमानीला थोडा आळा बसला. आज शिरवण्याच्या एखाद्या पॅकिंग युनिटमध्ये ठेकेदाराचा सुपरवायझर ‘तुझ्या जागी दुसरा लावला’ असे सांगतो तेव्हा तो नव्वद वर्षांपूर्वीच्या जॉबरचेच काम करत असतो. फरक एवढाच की गिरणीतल्या कामगाराची निदान हजेरीपुस्तकात नोंद पक्की असे.

आजारी कामगाराचा पगार विम्यातून भरून काढावा या कल्पनेला भारतात आकार दिला तो प्रा. बी. पी. आडारकर यांनी. १९४३ च्या मार्चमध्ये सरकारने त्यांच्याकडे आरोग्यविम्याच्या योजनेचे काम सोपवले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. आडारकरांचा अहवाल १९४४ च्या ऑगस्टमध्ये आला आणि त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. कामगार ज्याला नुसते ‘ईएसआय’ म्हणतात, तीच ही योजना. वाशीचे कामगार विमा रुग्णालय, पॅनलचे डॉक्टर, सेवा दवाखाने हा सगळा पसारा तिचाच.

आता हिशेब करून पाहू. शिरवण्यातल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात १५,००० रुपये पगार घेणारा कामगार धरा. २०१९ च्या जुलैपासून कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. म्हणजे त्याच्या पगारातून महिन्याला सुमारे ११३ रुपये कापले जातात, मालक ४८८ रुपये भरतो. सरासरी रोज ५०० रुपये. आजारपणात त्याच्या ७० टक्के, म्हणजे दिवसाला ३५० रुपये मिळतात. टायफॉइड झाला, पॅनलच्या डॉक्टरने दहा दिवसांचे सर्टिफिकेट दिले, तर पहिले दोन दिवस कोरे जातात आणि आठ दिवसांचे २,८०० रुपये बँकेत जमा होतात. आधीच्या आजारपणाला पंधरा दिवस उलटायच्या आत माणूस पुन्हा पडला, तर ते दोन कोरे दिवस धरत नाहीत. वर्षाला असे ९१ दिवस मिळतात. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या यादीतल्या ३४ दीर्घ आजारांना ८० टक्के दराने पुढची मुदत मिळते आणि ती दोन वर्षांपर्यंत नेता येते. त्यासाठी आधीची दोन वर्षांची नोकरी लागते. कामावर झालेल्या दुखापतीला ९० टक्के. बाळंतपणाला पूर्ण पगार, २६ आठवडे.

चांगली योजना आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. जगातल्या पुष्कळ देशांत दिवसाला ५०० रुपये मिळवणाऱ्या माणसाला आजारपणाचा असा आधार नाही. पण तिच्या दारात एक उंबरठा आहे. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन हप्ते असतात. एका हप्त्यात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तरच त्याच्याशी जोडलेल्या पुढच्या सहामाहीत आजारपणाचे पैसे मिळतात. औषधोपचार पहिल्या दिवसापासून मिळतो, रोख रक्कम मात्र नव्या कामगाराला साधारण नऊ महिने मिळत नाही. ठेकेदार जिथे सहा महिन्यांनी माणसाला ‘ब्रेक’ देतो, नवा ठेकेदार आला की नव्याने नाव नोंदतो आणि जुना विमा क्रमांक न जोडता दुसराच क्रमांक काढतो, तिथे हा उंबरठा ओलांडणे किती कठीण होते याचा विचार करावा. दहा वर्षे एकाच यंत्रावर काम केलेला माणूस कागदोपत्री दर वेळी नवा असतो. म्हणून या पुस्तकात जिथे जिथे ईएसआयचा विषय येतो तिथे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे: विमा क्रमांक जन्मभर एकच असतो. नव्या ठिकाणी लागताना तो हातात ठेवा आणि तोच लावून घ्या.

दुसरा उंबरठा वरच्या बाजूला आहे. २०१७ च्या जानेवारीपासून पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे. २२,००० रुपये घेणारा सुपरवायझर योजनेबाहेर. कंपनीने त्याचा मेडिक्लेम काढलेला असेल. मेडिक्लेम इस्पितळाचे बिल भरतो, पण बुडालेला पगार देत नाही. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिने पडून राहिलेल्या माणसाला खोलीचे भाडे, मुलांची फी आणि गावचा हप्ता यांची चिंता इस्पितळाच्या बिलापेक्षा जास्त असते. वेतनवाढ घेऊन आधार गमावणारा हा थर नवी मुंबईत मोठा आहे आणि त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

दुकाने, कार्यालये, गोदामे यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, आणि वर्षभरात २४० दिवस काम केले तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची वेगळी रजा त्या कायद्यात नाही. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यातही नव्हती. तिथेही २४० दिवसांच्या कामानंतर २० ला १ हाच हिशेब होता. त्यात एक कलम मात्र माणुसकीचे होते. एरवी रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा, पण आजारपणासाठी शिल्लक रजा हवी असेल, तर अर्ज उशिरा आला म्हणून ती नाकारता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि कारखान्यांतल्या भरपगारी रजेसाठीची २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आली. हंगामी आणि तुकड्यातुकड्याने काम करणाऱ्यांना याचा उपयोग होईल. जुन्या कायद्यांची नावे कामगारांच्या आणि कामगार कार्यालयांच्या तोंडी अजून काही वर्षे राहणारच, म्हणून पुस्तकात दोन्ही दिली आहेत.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यामुळे माणसे फसतात. ज्या दिवशी पगार देणारी रजा टाकली, त्या दिवसाचा ईएसआयचा लाभ मिळत नाही. ऑफिसातला कारकून सरळ मनाने ‘पीएल टाकून देतो’ म्हणतो, कामगारही मान डोलावतो. लहान आजारात त्यात कामगाराचा फायदाही असतो, कारण पूर्ण पगार पडतो. पण लांबणाऱ्या आजारात वर्षभर साठवलेली रजा अशी संपते आणि पुढे शिमग्याला गावी जायला एक दिवस उरत नाही.

हे सारे स्वतःच्या शरीराच्या दुखण्याबद्दल झाले. घरातले दुसरे कोणी आजारी पडले तर काय? खासगी नोकरीत आईवडिलांच्या, नवऱ्याच्या, बायकोच्या आजारपणासाठी रजेचा कायदेशीर हक्क नाही. मृत्यूसाठीही नाही. आपल्याकडे वडील गेल्यावर तेरा दिवसांचे सुतक असते. थोरल्या मुलाने दहाव्याला, तेराव्याला गावी असणे याला पर्याय नसतो. जालन्याला जाऊन, तेरावे उरकून, मुंडण केलेल्या डोक्याने परत आलेल्या माणसाला मस्टरवर सलग खाडे दिसतात. ठेकेदाराचा माणूस ‘कळवले नाही’ म्हणतो. त्याने कळवलेले असते, पण फोनवर, आणि त्याचा पुरावा नसतो.

याचा एक परिणाम मला फार खुपतो. आईच्या डायलिसिससाठी जायचे असते आणि अर्जात माणूस स्वतःच्या पोटदुखीचे कारण लिहितो. खरे लिहिले तर रजा मिळत नाही, खोटे लिहिले तर मिळते. कायद्याने आणि कंपनीच्या नियमाने प्रामाणिक माणसाला खोटे बोलायला लावायचे आणि मग ‘कामगार खोटी सर्टिफिकेटे आणतात’ अशी तक्रार करायची, हे बरे नव्हे. अमेरिकेने १९९३ मध्ये कुटुंबरजेचा कायदा केला. रजा बिनपगारी, पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या मालकांपुरतीच आणि १२ आठवड्यांची. कायदा तोकडाच आहे, पण त्यात एक गोष्ट पक्की आहे: आईच्या, मुलाच्या, जोडीदाराच्या गंभीर आजारासाठी गेलेल्याला परत आल्यावर तीच किंवा तिच्याच तोडीची जागा द्यावी लागते. आपल्याकडे पगारी कुटुंबरजेची मागणी मान्य व्हायला वेळ लागेल. बिनपगारी रजेवरून परतीचा हक्क द्यायला मालकाला फारसा खर्च येत नाही, आणि तो आधी मागावा असे मला वाटते.

सरकारी नोकरीत चित्र निराळे आहे. राज्याच्या कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित आणि २० दिवस अर्धपगारी रजा मिळते. वैद्यकीय कारणासाठी अर्धपगारी रजा परिवर्तित करून पूर्ण पगार घेता येतो. २०१८ पासून महिलांना १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि नवरा शिरवण्यात ठेकेदाराकडे, अशा घरात मूल तापाने फणफणले, तर रजा कोणी घ्यायची हे आधीच ठरलेले असते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाळ झाल्यावर १५ दिवसांची पितृत्वरजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात एक दिवसही नाही.

बाळंतपणाच्या रजेचा इतिहास मुंबई इलाख्यातूनच सुरू होतो. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात यासाठी विधेयक आणले होते. ते फेटाळले गेले. मुंबईच्या विधिमंडळात हा विषय १९२८ मध्ये आला तेव्हा २८ जुलैला डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, आणि बाईच्या श्रमाचा लाभ मालकाला होतो म्हणून त्याचाही वाटा असलाच पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा हा देशातला असा पहिला कायदा.

आंबेडकरांचा तो मुद्दा आज पुन्हा वाचावा असा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ती वाढ हवीच होती. पण ईएसआयच्या बाहेर असलेल्या बाईचा २६ आठवड्यांचा पगार एकट्या मालकाच्या अंगावर पडतो, त्यात सरकारचा वाटा नाही. परिणाम असा की मुलाखतीत ‘लग्न झाले का, मुले किती’ हे विचारले जाते. पन्नास किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत पाळणाघर असले पाहिजे, बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजायला दिवसातून दोन वेळा सुटी मिळाली पाहिजे, असे कायदा म्हणतो. शिरवण्यातल्या पुष्कळ युनिट्समध्ये पन्नास माणसेच नसतात. मग सहा महिन्यांचे मूल आजीजवळ गावी ठेवायचे किंवा काम सोडायचे. काम सुटलेली बाई रजेवरून परत न आलेल्यांत मोजली जात नाही. तिचा राजीनामा स्वखुशीचा म्हणून नोंदवला जातो. ज्यांना वाटते की रोजंदारीवरच्या बाईला हे हक्क लागू नाहीत, त्यांनी दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरील कामगार स्त्रियांच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल पाहावा. रोजंदारीवरची असली तरी बाळंतपणाचा लाभ तिला मिळालाच पाहिजे, असे न्यायालयाने स्वच्छ सांगितले आहे.

नऊ माणसांच्या कारखान्याचा मालक, जो स्वतः लेथवर उभा राहतो, त्याचीही बाजू आहे. त्याचा एकुलता वेल्डर तीन महिने पडला, तर ऑर्डर जाते. जागा राखून ठेव असे त्याला सांगताना त्या तीन महिन्यांसाठी बदली माणूस मिळण्याची सोयही कोणीतरी करायला हवी. जवळच तुर्भ्याच्या बाजारात वेगळी वाट आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची नोंद मंडळाकडे असते, एका व्यापाऱ्याकडे नसते. व्यापारी मजुरीवर लेव्ही भरतात आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, सुटीचे पैसे, औषधपाणी भागवले जाते. कोपरखैरण्याचे माथाडी रुग्णालय त्याच व्यवस्थेतले. लहान लहान मालकांचा भार एकत्र वाटून घ्यायची ही रीत एमआयडीसीतल्या छोट्या युनिट्सच्या ठेका कामगारांसाठी का चालू नये, याचा विचार मालकांच्या संघटनांनीच करावा असे मी सुचवतो. या पुस्तकात त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

आता परतीच्या दिवसाकडे येतो. ईएसआयचा डॉक्टर पहिले सर्टिफिकेट देतो, मुदत वाढली तर मधली देतो आणि शेवटी कामाला लायक असल्याचे अखेरचे देतो. आपल्या कागदपत्रांत माणसाच्या दोनच अवस्था आहेत: आजारी किंवा फिट. सोमवारी अंथरुणावर आणि मंगळवारी पन्नास किलोच्या गोणीखाली. हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या, क्षयाचे औषध सहा महिने घेतलेल्या, पहिल्या झटक्यातून उठलेल्या माणसाला हे कसे झेपावे? मोठ्या कंपन्यांत ‘लाइट ड्युटी’ नावाची प्रथा होती. युनियनच्या करारात ती असे. पर्मनंट कामगार घटले तशी तीही आटली. ब्रिटनने २०१० मध्ये आजारपणाच्या दाखल्याचा नमुनाच बदलला. डॉक्टर आता ‘कदाचित काम करू शकेल’ असेही लिहू शकतो आणि त्याखाली कमी तास, हलके काम, टप्प्याटप्प्याने परत येणे असे पर्याय असतात. जर्मनीत २००४ पासून नियम आहे की वर्षभरात सहा आठवड्यांहून जास्त आजारी राहिलेल्या कामगाराशी मालकाने बसून बोलले पाहिजे: काम कसे बदलता येईल, पुन्हा आजार होऊ नये म्हणून काय करता येईल. बोलण्याचे बंधन मालकावर आहे, कामगार नको म्हणू शकतो.

आपल्याकडे असे बंधन फक्त सरकारी आस्थापनांवर आहे, तेही अपंगत्व आल्यावर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते आणि जागा नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे लागते. पॉवर प्रेसमध्ये दोन बोटे गेलेल्या खासगी कारखान्यातल्या कामगाराला भरपाई मिळते, जागेची हमी मिळत नाही. बोटे तर अशाच कारखान्यांत जातात. या कलमाची व्याप्ती खासगी कारखान्यांपर्यंत नेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्षयाचा उल्लेख वर आला, त्याबद्दल थोडे अधिक. नीट औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच बहुतेक रुग्णांपासून इतरांना लागण होण्याची शक्यता फार कमी होते. तरी कॅन्टीनमध्ये त्याचा पेला वेगळा ठेवला जातो, शेजारचा कामगार जागा बदलून मागतो. म्हणून माणसे आजार लपवतात, औषध चोरून घेतात आणि गोळ्यांचा खंड पडतो. परतणाऱ्याला फाटकातून आत घेणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच त्याच्याशेजारी बसून जेवणे. हे काम सहकाऱ्यांचे आहे, कोणत्याही कायद्याने ते होणार नाही.

शेवटी फाटकाचा प्रश्न. नमुना स्थायी आदेशांत असे आहे की मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत कामगार परतला नाही किंवा त्याने समाधानकारक कारण दिले नाही, तर त्याचा नोकरीवरचा हक्क जातो. या आठ दिवसांचा धाक दाखवून पुष्कळांना घरी पाठवले गेले आहे. १९९३ मध्ये डी. के. यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमके हेच आले. कंपनी म्हणत होती, हा आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिला म्हणून त्याची नोकरी आपोआप गेली. यादव म्हणत होते, मी रोज येत होतो, मला फाटकातच अडवले, हजेरीवर सही करू दिली नाही. न्यायालयाने सांगितले की नोकरी जाणे म्हणजे उपजीविका जाणे, म्हणून कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय आणि चौकशी केल्याशिवाय नाव कमी करता येणार नाही. यादव यांना कामावर परत घेण्याचा आणि निम्मा थकीत पगार देण्याचा आदेश झाला. त्यांची मूळ अडवणूक झाली होती १९८० च्या डिसेंबरात. निकाल यायला बारा वर्षांहून जास्त काळ गेला. ईएसआयच्या कायद्यातही आजारपणाचा किंवा बाळंतपणाचा लाभ सुरू असताना कामगाराला काढायला, शिक्षा करायला मनाई आहे. फार लांबलेल्या आजारांना काही अपवाद आहेत, ते पुढे त्या त्या ठिकाणी सांगितले आहेत. पण ही मनाई कागदाने सिद्ध करावी लागते आणि बारा वर्षे थांबण्याची ताकद शिरवण्याच्या भाड्याच्या खोलीत नसते.

म्हणून वाचकाला एवढेच सांगणे. रजेवर जाताना अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवा, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर अर्जाचा फोटो पाठवून तो संदेश जपून ठेवा. डॉक्टरचे पहिले सर्टिफिकेट मिळताच त्याची प्रत पाठवा, बरे झाल्यावर नव्हे. मुदत वाढली तर वाढल्याच्या दिवशीच कळवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. परत येण्याच्या दिवशी अखेरचे सर्टिफिकेट घेऊन वेळेवर फाटकाशी या, आणि आत घेतले नाही तर त्याच दिवशी, तारीख आणि वेळ लिहून, कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला अर्ज करा. ठेका कामगार असाल, तर अर्जात ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीचेही नाव लिहा, कारण ईएसआयची वर्गणी भरली जाते की नाही याची जबाबदारी मूळ मालकावरही आहे. आणि शेजारचा कोणी रजेवर गेला असेल, तर तो परत येईपर्यंत त्याची जागा त्याचीच आहे, हे फोरमनसमोर बोलून दाखवा.